शेवंतामायने धरलेली जागा

शेवंतामाय काल गेली, आणि तिला नवऱ्याशेजारी पुरलं नाही.

त्याला कारण माझा रिपोर्ट आहे.

मागच्या उन्हाळ्यात आमची टीम दारव्ह्याजवळच्या एका गावात उत्खननाला गेली होती. तिथली दफनभूमी भरत आलेली, म्हणून ग्रामपंचायतीने शेजारची पडीक जमीन घेतली. साफसफाईला जेसीबी लावला तर गोलात मांडलेले मोठाले दगड दिसले. मग आम्हाला बोलावलं. पंचायत म्हणाली, आधी चाचणीचे खड्डे घ्या, खाली जुनं काही नसेल तर जागा वाढवू.

पहिल्याच दिवशी मी ते दगड नकाशावर मांडत होते. मागून आवाज आला.

"थो नोको मोजू. थो माहा हाये."

सत्तरीच्या पुढची बाई. हीच शेवंतामाय. नवरा जुन्या दफनभूमीच्या अगदी शेवटच्या ओळीत. त्याच्या शेजारची जागा नेमकी या नव्या जमिनीत येत होती. तिने वावरातला एक काळा दगड आणून तिथे ठेवला होता, एसटीच्या सीटवर रुमाल टाकतात तसा.

आणि मी तो प्राचीन म्हणून नकाशात काढून बसले होते. टीमने मला आठवडाभर चिडवलं.

मग ती रोज यायची. खड्ड्याच्या काठावर बसायची.

"निघालं का काई?"

"नाही, माय."

"बरं झालं."

काहीतरी निघावं म्हणून आम्ही सगळे उन्हात मरत होतो. निघू नये असं वाटणारी ती एकटीच.

एकदा म्हणाली, "घरी कोनी वाट पाह्यते का तुही?"

"कोणी नाही."

"मंग कायले घाई करतं? जेवून जा."

भाकर, ठेचा, कांदा. तिलाही मूलबाळ नव्हतं. इतकं गोड जेवण मी कित्येक महिन्यांत जेवले नव्हते.

शेवटच्या खड्ड्यात काळं-तांबडं मडकं लागलं. त्याखाली माणसाची हाडं.

टीमने टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. माझ्या करिअरमधला सगळ्यात मोठा दिवस, आणि माझी मान वर करायची हिंमत होईना.

"आता मले इथं नाई ना पुरनार?"

"नाही, माय. आता इथे कुणालाच नाही."

"कवाचा हाये थो?"

"दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचा असेल."

तिने खड्ड्यात वाकून त्या हाडांकडे पाहिलं.

"मंग जागा त्यानंच आधी धरली म्हना."

पदर झटकून उठली आणि घरी गेली. नंतर साइटवर आली नाही. माझ्या रिपोर्टनंतर पंचायतीने ती जमीन सोडली आणि दफनभूमीसाठी नाल्यापलीकडे दुसरी जागा घेतली.

आज सकाळी तिच्या पुतण्याचा फोन.

"काकू गेली, मॅडम. नाल्याच्या पल्याड माती देल्ली, नव्या जागेत."

"तिथे आणखी कोण आहे?"

"कोनी नाई. थेच पह्यली."

रिपोर्ट खरा होता. पुन्हा लिहायला बसवलं तरी तेच लिहीन. तरी फोन ठेवल्यावर मी रडले.

तिचा बुढा नाल्याच्या अल्याड, ती पल्याड.

माय, तुला लवकर सोबत मिळो असं म्हणणार होते. पण तिथे सोबत यायची म्हणजे गावातलं कुणीतरी जायला हवं.

म्हणून नुसता नमस्कार करते.