दोन नावांनी केलेली मागणी

भिंगकाकांनी चाळीस वर्षं लोकांच्या चष्म्याच्या काचा घासल्या. स्वभावही जरा घासून घेतला असता तर पोरगा घर सोडून गेला नसता, असं त्यांची बायको म्हणायची, आणि तोंडावर म्हणायची. पोरगा जाताना फोन नंबरही बदलून गेला. मागे उरली ती त्याने बनवलेली दुकानाची वेबसाइट आणि त्याच नावाचा ईमेल.

दरवर्षी आईच्या वाढदिवसाला त्या ईमेलवर दोन शब्द यायचे. "बरा आहे." उत्तर पाठवलं तर ते परत यायचं. तेवढ्या दोन शब्दांवर ती माउली वर्ष काढायची.

त्या वेबसाइटच्या नावाची मुदत पोरगाच लांबून वाढवायचा. यंदा वाढवली नाही. का नाही, हा प्रश्न काकांनी मनातल्या मनातसुद्धा विचारला नाही. एका सकाळी वेबसाइट गायब झालेली दिसली, ईमेलही बंद. वाढदिवस तीन महिन्यांवर होता. बायकोला न सांगता ते तडक भाचीकडे गेले. ती वेबसाइटची नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीत होती.

"मामा, खातं त्याचं आहे, आपल्याला हात लावता येणार नाही. नाव मोकळं व्हायची वाट बघायची. झालं की जो आधी झडप घालेल त्याचं. ती झडप घालून देणाऱ्या कंपन्या असतात. त्यांच्याकडे आधीच मागणी नोंदवायची, तिलाच बॅकऑर्डर म्हणतात."

तिने तीन कंपन्या दाखवल्या. एक नुसती बोलघेवडी, दुसरी सुस्त, तिसरी तरबेज. "तिसरी घ्या. एकदाच नोंदवा आणि गप्प बसा."

गप्प बसतील तर ते काका कसले! घाईची काच हवी असली की ते घाऊक व्यापाऱ्याकडे दोन नावांनी मागणी टाकत. एक विसरला तरी दुसरी येतेच. इथेही त्यांनी तेच केलं. स्वतःच्या नावाने एक, बायकोच्या नावाने एक. शहाणपणा केल्याच्या समाधानात ते त्या दिवशी पोटभर जेवले.

कंपनीने नाव पकडलं. पण मागण्या दोन, म्हणून नियमाप्रमाणे उघड लिलाव पुकारला.

"मामा, या नावाला कुत्रं विचारत नव्हतं!" भाची कपाळावर हात मारून म्हणाली. "दोन मागण्या दिसल्या आणि लोकांना वाटलं, यात काहीतरी आहे."

काकांनी झेपेल तितकी बोली लावली. तिसऱ्या दिवशी नाव कुणा परक्याच्या हाती गेलं. त्याला चार पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही.

"निदान पोराचं पत्र परत जाईल ना?" काकांनी भाचीला विचारलं. "मग तो फोन करेल."

"नाही जाणार. नव्या मालकाने त्या नावावर येणारं सगळं स्वतःकडे वळवलंय. पाठवणाऱ्याला वाटेल, पोचलं."

काकांनी मनाशी हिशेब मांडला. काहीच केलं नसतं तर नाव बेवारस पडून राहिलं असतं आणि पत्र परत गेलं असतं.

वाढदिवसाला बायको दुपारीच दुकानात आली.

"आलं का?"

"आलं," काका म्हणाले. तिचा चेहरा बघून त्यांना राहवलं नाही. "बरा आहे म्हणतो. तुझी फार आठवण येते, असंही लिहिलंय."

बायको हसली नाही. तिने काउंटरची कड घट्ट धरली.

"तो असं लिहायचा नाही," ती म्हणाली. "काय झालंय हो त्याला?"