श्रद्धांजलीचे पंधरा गुण

मायबापहो, युसूफ वडगावची सत्यशीला मी लहानपणापासून पाहिलेली. सरळ, निर्मळ लेक! ती आज पुण्यात एका व्हिडिओ-अ‍ॅपच्या कंपनीत अभियंता आहे. फोन उघडताच कोणाला काय दिसावे, हे ठरवणारी यंत्रणा तिच्या चमूने उभारली.

त्या यंत्रणेची रचना तिनेच मला समजावली. "महाराज, सप्ताहाच्या पंगतीसारखं आहे. पहिला टप्पा कोट्यवधी व्हिडिओंतून हजारभर निवडतो, ही निमंत्रणं. दुसरा प्रत्येकाला गुण देतो. तिसरा गुण पाहून पानं मांडतो. पहिलं कोणाचं, शेवटचं कोणाचं."

गुणांचा तक्ता सत्यशीलेचा. पसंतीला एक, खाली लिहिलेल्या प्रतिक्रियेला पंधरा. माणूस लिहितो म्हणजे त्याला आवडले, असे तिने धरले.

सहकारी सुरज म्हणाला होता, "अगं, आपल्याकडं लोक सगळ्यात जास्त श्रद्धांजलीच लिहितात! तीही आवड म्हणून मोजायची?"

ती हसली. "पुढच्या आवृत्तीत बघू."

माघात तिला गणित शिकवणारे सुंदरराव गुरुजी शाळेच्या कार्यक्रमात भोवळ येऊन पडले. कोणीतरी ते टिपले आणि 'गुरुजी गेले' म्हणून टाकले. गुरुजी बीडच्या दवाखान्यात चहा पीत होते, आणि इकडे 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रीघ लागली. न लिहावे तर माणुसकी कसली, ही आपली रीत! एकेका हुंदक्याला पंधरा गुण. व्हिडिओ चढला, जिल्हा ओलांडून कोल्हापूरकडच्या उसात, मुकादमाच्या फोनवर पोचला. गुरुजींची धाकटी बहीण पारूबाई तिथे गाडीवर मोळ्या रचत होती. ऐकताच धांदलीत तिने वरून उडी टाकली. उजवा हात मोडला, हंगाम गेला.

सत्यशीला गावी पारूबाईच्या घरी आली, पायांशी बसली. "आत्या, तुमचा हात माझ्यामुळं मोडला."

"येडी का काय! तू तर पुण्यात व्हतीस. कावून अंगावर घेतीस?"

मग तिने सारे सांगितले. निवड, गुण, मांडणी. पारूबाई नीट ऐकत होती.

"म्हंजी आमी रडलो, त्याचे बी मार्क?"

"हो. पंधरा."

"आन् गुरुजी जित्ते हायेत, असं आमच्या पोरानं, भारतनं, खाली लिवलं व्हतं, त्याचे?"

"तेही पंधरा, आत्या. त्यानं ती खोटी बातमीच आणखी वर गेली."

पारूबाईने कपाळाला हात लावला. "आसूंदे. तुला काय ठावं व्हतं?"

देवा, इथेच ती सुटू शकत होती! गप्प राहिली असती, तर मायेने कवटाळली गेली असती.

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "सुरजनं आधीच सांगितलं होतं. मी टाळलं."

पारूबाईने प्लास्टरचा हात पदराखाली घेतला.

"मंग आधी ते बदल बाई. मंग ये जेवायला."

सत्यशीला ओट्यावर आली, लॅपटॉप उघडला, वरिष्ठांना पत्र लिहू लागली. आत सून भाकरी थापत होती. पत्राचे पहिले वाक्य होते: ही चूक मला ठाऊक होती.