पोरांशी बोलायचं नाही

अपेक्षानं कोर्टात जाऊन लग्न केलं आणि शिक्षा झाली ती तिच्या धाकट्या बहिणीला.

धाकटी अक्षदा सातवीत होती. अपेक्षा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. क्रांती चौकाजवळच्या मोबाईलच्या दुकानात काम करणाऱ्या भारतशी तिनं लग्न केलं आणि घरी कळवलं ते हार घालून झाल्यावर. भारत माणूस कसा आहे, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. त्याचे आईबाप सोयगावकडं मेंढरं राखतात, एवढ्यावरच निकाल लागला. वडिलांनी, बद्रीनाथांनी, कंपनीत जायचं सोडून भिंतीकडं तोंड करून अंथरूण धरलं. वैजापूरहून त्यांचे थोरले भाऊ खंडेराव आले आणि घराचा सगळा कारभार त्यांनी हातात घेतला.

"थोरली गेली ती गेली," काका अक्षदाकडं बोट करून म्हणाले. "आता हिला आवरा."

अक्षदा पोहे खात होती. आवरायला आपण काय सांडलंय, हेच तिला कळेना.

शिकवणी बंद झाली, कारण तिथं पोरं होती. शाळेची रिक्षा बंद झाली, कारण रिक्षातही पोरं होती. रोज शाळेतून आलं की दप्तर खाली ठेवायच्या आत काकांची उलटतपासणी सुरू.

"कोण्या पोराशी बोललीस का?"

"नाय."

"खरं सांग."

"नाय म्हणलं ना!"

ते अगदी खरं होतं. वर्गातली पोरं तिला माशांसारखी वाटायची, नुसती भुणभुण. पण खरं बोलणाऱ्या पोरीवर रोज चोरासारखी नजर ठेवायची, याला काय म्हणावं?

मग शाळेत जायचं कसं? तोड काकांनीच काढली. "खालच्या मजल्यावरची ती सुकेशनी हाय ना, तिच्यासंग जा अन् तिच्यासंगच ये. पोरीसंग पोरगी असली की घोर नाय."

सुकेशनी शाळेच्या खो-खो संघात होती. सूर मारून गडी बाद करायची, कोपर खरचटायचं, आणि वर हसून म्हणायची, "काय नाय लागलं." तिच्याबरोबर चालताना एरवी बडबडी असलेली अक्षदा मुकी व्हायची. वेणी एकदा घालून तिचं समाधान होईना. एकदा रस्ता ओलांडताना सुकेशनीनं तिचा हात धरला, पलीकडं गेल्यावर सोडून दिला, आणि त्या दिवशी अक्षदाला साधा गुणाकार जमला नाही.

भारतचं नाव निघालं की ताई कशी मध्येच थांबायची, उगाच हसायची! आपलंही तसंच होतंय, हे अक्षदाला मैदानाच्या कडेला भर उन्हात उमगलं. आधी ती घाबरली. मग तिला राग आला. घरात आवडण्यावरून एवढी आग लागलेली, आणि आपल्याला हे विचारायचं कुणाला?

ताईलाच. आई चोरून अपेक्षाला फोन करायची, हे तिला ठाऊक होतं. कपडे वाळत घालायला दोघी गच्चीवर गेल्या तेव्हा आईनं अपेक्षाला फोन लावून तिच्या हातात दिला आणि ती खाली बादली आणायला गेली.

"ताई, मला सुकेशनी आवडते."

"आवडणारच की. मैत्रीण हाय तुझी."

"तशी नाय. तुला भारतदाजी आवडतात ना, तशी."

 ताई हळूच म्हणाली, "हे कुणाला बोलू नको हं. विसरून जा."

"तू पळून जाऊन लग्न केलंस," अक्षदा ओरडली, "अन् मी नुसतं सांगायचंपण नाय?" तिनं फोन कट केला. काकांनी बोलावं, त्यांचं तोंडच तसलं. पण ताईनं?

त्याच संध्याकाळी जेवताना काकांनी जाहीर केलं, "हिचा दाखला काढा. वैजापूरला माझ्याकडं राहील. इथली हवा वाईट."

अक्षदा ताटावरून उठली. "लग्न ताईनं केलं. मी काय केलंय? सांगा ना, काय केलंय मी?"

वडिलांनी आमटी पुढं ओढली. काका म्हणाले, "बघा, तोंड बघा हिचं!"

इतके दिवस गप्प असलेल्या आईनं पोळपाट बाजूला सारला. "तिचं तोंड बरोबर चाललंय, भावजी. तुम्ही अपेक्षाला उंबऱ्यात पाय ठेवू देईनात. आता हिलापण घालवू व्हय? दाखला निघणार नाय."

काका सकाळी चहा न पिता वैजापूरच्या बसला गेले. वडिलांनी त्यांना थांबवलं नाही, आणि बायकोशीही आठवडाभर बोलले नाहीत.

पुढं ताईनंच आईच्या फोनवर फोन केला तो रडतच. "अक्षू, चुकलं माझं. भ्याले मी. माझ्यावर जे गुजरलं ते तुझ्यावर नको, म्हणून बोलून गेले. सुकेशनीला सांगितलंस का?"

"नाय."

"सांगणार हायेस?"

"माझं मी बघीन," अक्षदा म्हणाली. राग अजून गेला नव्हता, पण फोन तिनं कानालाच धरून ठेवला. "तू आधी सांग, तिथं तुला नीट जेवायला मिळतं का?"