पुण्याला दिसणारं मशीन

छापून आलेली बातमी दुसऱ्या दिवशी बांगडे बांधायला जाते. जी छापली जात नाही ती बातमीदाराच्या डोक्यात साठते. आमच्या रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीची माझ्याकडे इतकी साठली आहे की, आता ओतल्यावाचून गत्यंतर नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. कचेरीत कॉम्प्युटर आला आणि गच्चीवर भलीमोठी पांढरी डिश बसली. तिच्यातून पुण्याचं मुख्य कार्यालय रोज सकाळी आमच्या मशीनची तब्येत विचारणार होतं. कामाचा लोड किती, आत जागा किती उरली, वगैरे. उत्तर मशीननं आपणहून द्यायचं. उद्घाटनाला साहेबांनी जाहीर केलं, "यापुढे वादळाची सूचनाही याच मशीनवर येईल. आम्ही ती छापून किनाऱ्यावरच्या गावांना फोनने कळवू." आणि पोलीस चौक्यांना जाणारा जुना बिनतारी संदेश त्याच दिवसापासून बंद!

मी उठून विचारलं, "काही दिवस दोन्ही चालू ठेवले तर?"

"जुनं ठेवलं तर नव्यावर लोकांचा विश्वास कसा बसेल?" साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या.

*

पहिल्याच उन्हाळ्यात पुण्याला उत्तर मिळेना. पुण्याहून इंजिनिअर आला. त्याने मशीन उघडलं, वायरी बदलल्या, एसी बदलायला लावला. शेवटी जेवण झाल्यावर सुपारी चघळत सहज गच्चीवर गेला, तर डिशमध्ये कोकमाची सोलं वाळत घातलेली. शिपायाचं म्हणणं सरळ होतं, "आभाळाकडे तोंड केलेली एवढी मोठी परात. मला वाटलं, त्यासाठीच बसवलीय."

इंजिनिअरने अहवालात लिहिलं, "वातावरणातील अडथळा."

*

मशीन चालवायला लांज्याचा सुर्वे नावाचा ऑपरेटर होता. हुशार माणूस. त्याने उत्साहाने जिल्ह्यातल्या पाणीटंचाईच्या याद्या मशीनवर चढवायला घेतल्या, तर पुण्याहून फोन आला की, तुमचा लोड फार दिसतोय. साहेब घाबरले. याद्या थांबल्या. पुढच्याच महिन्यात पुण्याहून शाबासकीचं पत्र आलं, सगळ्यांत कमी लोड रत्नागिरीचा म्हणून.

साहेबांनी ते पत्र फ्रेम करून लावलं आणि हुकूम काढला की, परवानगीशिवाय मशीनला कुणी हात लावायचा नाही.

सुर्वे म्हणाला, "साहेब, मग हे ठेवायचं कशाला?"

"पुण्याला दिसायला."

*

पावसाळ्यात एकदा शहराची वीज गेली ती येईच ना. कचेरीत मेणबत्त्या लावून काम चाललं होतं. मी बसलो असताना पुण्याचा फोन आला, "अभिनंदन! तुमचं मशीन एकदम व्यवस्थित चालू आहे."

साहेब म्हणाले, "आभारी आहोत."

मी रिसीव्हर मागून घेतला आणि त्या गृहस्थाला विचारलं, "इथे वीज नाही. मशीन बंद पडलंय. तुम्हाला ते चालू कसं दिसतं?"

"नवं उत्तर येईपर्यंत आम्ही कालचंच धरतो," तो शांतपणे म्हणाला.

*

नाटे गावचे दत्ताराम तांडेल महिन्यातून एकदा तरी कचेरीत यायचे. त्यांच्या आणि भावाच्या होड्या होत्या. बिनतारी संदेश बंद झाल्यापासून त्यांना चैन नव्हतं.

"काय बोलतंय मशीन, साहेबानू?"

"काही बोललं नाही म्हणजे समुद्र शांत आहे असं समजा."

तांडेल म्हणाले, "आमचा देव पन काय बोलत नाय. पन त्याला कौल तरी लावता येतो."

*

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, होड्या पाण्यात होत्या. एका संध्याकाळी वादळाची सूचना मशीनवर आली. सुर्वेने ती छापायची परवानगी मागितली. दुसऱ्या दिवशी पुण्याचे वरिष्ठ लोडचे आकडे खास तपासणार होते. साहेब म्हणाले, "सकाळी त्यांनी आकडे घेतले की मग छाप. रात्रीत काय समुद्र पळून जातोय?"

"फोन तरी करू?"

"छापील कागदाशिवाय फोन करायचा नाही."

पहाटे नाटे गावच्या होड्या गेल्या. दुपारी वारा सुटला. रात्रीपर्यंत सगळ्या कशाबशा परत आल्या, एक सोडून. ती तांडेलांच्या भावाची.

दुसऱ्या दिवशी तांडेल साहेबांच्या टेबलासमोर उभे होते. अंगावरचे कपडे अजून ओले. शोधायला सरकारी लाँच पाठवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी आणि सुर्वे दाराशी होतो. साहेब काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. पुणं.

"हो, हो, वादळ झालं ना," साहेब म्हणाले. "नाही, मशीनला काही नाही. डिश जागेवर आहे. लोडसुद्धा तेवढाच." मग पलीकडचा प्रश्न ऐकून, "नुकसानीच्या रकान्यात? निरंक लिहा."

तांडेल सुर्वेकडे वळले.

"निरंक म्हंजे काय रे, बाबा?"