वानगीत गेलेल्या मिरच्या

कोरीटला येऊन कोणी माझ्या नावाने घर विचारलं, तर गावातले अर्धे लोक अजूनही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. नंदुरबारला माझी स्वतःची पथारी आहे. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं उघडं रान. हंगामात ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल दिसतं. बाजारात माझ्याशी भाव करायला लोक दोनदा विचार करतात. पण कोरीटमध्ये "शहिदाचं घर" म्हटलं की शाळेत जाणारी पोरगीही दारापर्यंत आणून सोडते. रस्त्यावर कमान आहे, तिच्यावर माझ्या मोठ्या भावाचं नाव आहे. मला लोक "शहीदना भाऊ" म्हणतात. पन्नाशीला आलो, तरी हेच माझं नाव.

हे मला खुपतं, हे आधी सांगून टाकतो. पुढचं सगळं त्याशिवाय कळायचं नाही.

दादा फौजेत गेला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. भरतीला जातोय हे त्याने मला सांगितलं नाही. धुळ्याला मित्राच्या लग्नाला जातो म्हणाला आणि निवड होऊनच परत आला. वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले. त्यांना उठवणं-बसवणं, शेत, दोन बैल आणि माय, सगळं माझ्या गळ्यात पडलं. बस यायच्या आधी रस्त्यावर मी त्याच्यावर ओरडलो, अख्ख्या गावाने ऐकलं. तो फक्त म्हणाला, "तू सांभाळशी, तुले जमस." मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. जमतं म्हणून एखाद्याच्या डोक्यावर किती ठेवायचं?

वडील गेले. मग मी शेत करता करता नंदुरबारला दुसऱ्याच्या पथारीवर उभा राहायला लागलो. मिरचीची प्रत ओळखायला शिकलो, भाव पाडायला शिकलो, आवाज चढवायला तर शिकावं लागलंच नाही. अशाच एका हिवाळ्यात दादा सुट्टीवर आला होता. जाताना मायला म्हणाला, तिकडे लंगरच्या जेवणाला चव नसते, घरची मिरची दळून पाठव, पोरं खूश होतील. मायने आमच्या शेतातल्या मिरच्या घेतल्या आणि आठ दिवस ओट्यावर बसून एकेक निवडली. लांब, गर्द लाल, सालीला चमक असलेली तेवढीच. देठ खुडले, गोधडीवर पसरून ऊन दाखवलं. मग तिचा भाऊ आजारी पडला म्हणून तिला माहेरी जावं लागलं. जाताना मला सांगून गेली, गिरणीवर दळून आण, डब्यात भर आणि पार्सल कर.

त्याच दिवसांत गुजरातेतून एक व्यापारी येणार होता. मी पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर माल उभा करू पाहत होतो. माल ठीक होता, पण वानगी दाखवायला, म्हणजे नमुना म्हणून समोर धरायला, त्यात एकही मूठ अशी नव्हती की बघणाऱ्याचा हात थांबावा. घरात गोधडीवर मात्र तशी मिरची पसरलेली होती.

मी ती नेली. व्यापाऱ्याने एक मिरची मोडली, वास घेतला आणि मान हलवली. त्या एका सौद्यावर मी उभा राहिलो. पुढे पथारी झाली, ट्रक लागले, ते सगळं त्या वानगीनंतरचं.

दादासाठी मी फटकी दळली. पावसाने किंवा जास्तीच्या उन्हाने जिचा रंग उडतो, पांढरट पडते, ती फटकी. तिला तेल चोळून दळलं की भुकटीला रंग चढतो. तिखटपणा चढत नाही, पण डब्यात बघून ते कळत नाही. मी ती वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात दाबून भरली, वर पांढरं कापड शिवलं, दादाचा पत्ता लिहिला आणि खाली पाठवणाऱ्याच्या जागी मायचं नाव लिहिलं. ते नाव मी का लिहिलं, याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं.

खरं म्हणजे बाजारात ओळखीच्या कोणाकडून दोन मुठी चांगली मिरची मागून घेता आली असती. कोणीही दिली असती. मला त्याच्याच वाटणीची हवी होती. तो मला विचारल्याशिवाय गेला, मी त्याला विचारल्याशिवाय घेतली, असा हिशेब माझ्या डोक्यात होता.

महिन्याने त्याचं पत्र आलं. शेवटी एक ओळ होती: "मिरची मिळाली, फार झकास, मायला सांग." मी ती ओळ मायला वाचून दाखवली. तिला वाचता येत नाही. तिने पुन्हा वाचायला लावली आणि पत्र माझ्या हातातून घेऊन देव्हाऱ्यात ठेवलं.

उन्हाळ्यात लढाई पेटली. गावात ज्यांच्याकडे टीव्ही होता, त्यांच्या ओसरीवर माय रोज बातम्यांना जाऊन बसायची. तिला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. बर्फाचे डोंगर दाखवले की ती शेजारणीला विचारायची, "आठेच शे का तो?", म्हणजे दादा इथेच आहे का. शेजारीण म्हणायची, "नही वं, हाई दुसरं शे." असे बरेच दिवस गेले. मग एके दिवशी गावात दोन गाड्या आल्या आणि पुढच्या गाडीतले लोक डोक्यावरच्या टोप्या काढूनच खाली उतरले. मी तेव्हा पथारीवर होतो. कोणीतरी मोटारसायकलवर बोलवायला आलं, आणि कामाच्या वेळी आला म्हणून मी आधी त्याच्यावर खेकसलो.

नंतर त्याची काळी ट्रंक आली. कपडे, बूट, दाढीचं सामान आणि तो वनस्पती तुपाचा डबा. रिकामा, आतून घासून लख्ख केलेला. मायने डबा उलटा करून पाहिला, आत बोट फिरवलं आणि म्हणाली, "बठ्ठं खादं त्यानी." सगळं खाल्लं त्याने. त्या वाक्यावर ती इतकी वर्षं जगली. लोक शाल-श्रीफळ द्यायचे, भाषणं करायचे, मी मागे तिच्या चपला धरून उभा असायचो. ती घरी आली की शाल बाजूला टाकायची आणि डबा पुसून ठेवायची. पोरगा आपल्या हातचं खाऊन गेला, एवढंच तिला पुरत होतं.

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी एक माणूस दारात आला. फौजेतून निवृत्त झालेला, साताऱ्याकडचा, केस पिकलेले, पाठ अजून ताठ. त्याचा मुलगा अक्कलकुव्याला शिक्षक म्हणून लागलाय, त्याला भेटायला आला होता. म्हणाला, "तुमचा भाऊ न् मी एका सेक्शनमधले. इतक्या जवळ आलो न् न भेटता गेलो तर झोप लागायची नाही."

मायने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि सरळ सांगितलं, "परवा आखाजी शे. तू मन्हा पोऱ्याना नावनं जेवाले बठ."

आमच्याकडे आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात, निखाऱ्यावर घास टाकतात आणि एखाद्या माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालतात. आमच्या घरात त्या पाटावर दरवर्षी चुलतभाऊ बसतो. जेवण झालं की माय विचारते, "काही कमी पडनं का?" पाटावरच्याने म्हणायचं असतं, "नही, बठ्ठं भेटनं." एवढं ऐकलं की वर्षाची आखाजी पार पडते. हे उत्तर गावातल्या लहान पोराला पाठ आहे. पाहुण्याला ते सांगून ठेवायचं कोणाला सुचलं नाही. मला सुचायला हवं होतं.

आखाजीला तो आला. घागरीशेजारी डबा ठेवलेला होता. खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडई, पुरणाच्या पाण्याची झणझणीत रशी. पहिल्याच घासाला त्याच्या कपाळावर घाम आला.

"लई तिखट हाय हो आई," तो हसत म्हणाला.

"आमनं असंच राहास, भाऊ. रस ले."

जेवण झालं. मायने पदर सावरून विचारलं, "काही कमी पडनं का?"

त्याला वाटलं ती खरंच विचारतेय. त्याने डब्याकडे बघितलं. "कमी काय नाही पडलं आई. पण एक बोलू का? हा डबा मी वळखतो. ह्यातली चटणी आम्ही सगळ्यांनी खाल्ली." त्यांच्याकडे मिरचीच्या भुकटीला चटणी म्हणतात. "उघडला तवा आम्ही लई हसलो. म्हटलं, मिरचीच्या गावची चटणी न् लहान पोरानं खावी अशी फिकी? तर तुमचा लेक म्हणला, मीच आईला कळवलंय, ह्या लोकांची पोटं नाजूक, जरा फिकी धाड. त्यानंच शेवटी डबा घासून ठिवला. आज तुमची रशी खाल्ली तवा कळलं, तुम्ही आमच्यासाठी किती हात आवरला असंल ते."

पितराला पाटावर असताना उलट बोलत नाहीत. मायने त्याच्या वाटीत आणखी रस वाढला. मग माझ्याकडे पाहिलं. नजर फार वेळ नव्हती, पण मी उठलो आणि अंगणात जाऊन ताडपत्री नीट बांधली नाही म्हणून गड्याला वाटेल ते बोललो. ताडपत्री नीट बांधलेली होती.

दुपारी पाहुण्याला मी बसवर सोडलं. परत येताना सगळ्या वाटा तपासून पाहिल्या, सौद्यात तपासतो तशा. गिरणीवाल्याने बदललं, म्हणता आलं असतं. पार्सल भिजलं, म्हणता आलं असतं. मायने ऐकलं असतं, कारण खोटं बोलायला मला कधी अडचण पडत नाही. पण दादा शेतकऱ्याचा पोरगा होता. फटकी त्याला वासानेच कळली असणार, आणि तेलही. तरी त्याने चार माणसांत एक गोष्ट रचली आणि मला "झकास" लिहून कळवलं. त्याने चिडून एक ओळ लिहिली असती, तर मी चिडून उत्तर दिलं असतं आणि आम्ही फिटलो असतो. त्याने तेवढीही संधी दिली नाही. राग येतो तो याचा, आणि या रागाची मला लाज वाटते.

माय ओट्यावर बसली होती. डबा मांडीवर.

"मी निवडेल मिरच्या कथा गयात?" कुठे गेल्या, एवढंच तिने विचारलं.

"वानगीमा गयात, माय."

ती मिरचीच्याच मुलखातली आहे, वानगी म्हणजे काय हे तिला सांगावं लागत नाही. डब्यावर हात ठेवून म्हणाली, "आनि डबामा?"

"फटकी."

"त्यानी वळखं व्हई."

"हा."

"पार्सलवर कोनं नाव व्हतं?"

मी सांगितलं. ती शिव्या देईल, रडेल, मला हाकलून लावेल, या सगळ्याची तयारी मी गाडीत करून आलो होतो. ती उठली, आतून चांगल्या मिरचीचं पोतं ओढत आणलं आणि सूप माझ्यासमोर टाकलं. "निवड."

मी तीन दिवस पथारीवर गेलो नाही. ओट्यावर बसून एकेक मिरची निवडली. माय समोर बसून बघत होती, एखादी सुपातून उचलून बाजूला टाकत होती. दळायला गिरणीवर जाऊ दिलं नाही, उखळ काढायला लावलं. मी भाव करून पाहिला, म्हटलं, निम्मी तरी गिरणीवर दळू. तिने मुसळ माझ्याकडे सरकवलं. कांडता कांडता हात पेटले, डोळे सुजले. रस्त्याने जाणारे थांबून विचारत होते, शेठ, गडी पळाले का? मी पहिल्यांदाच कोणावर ओरडलो नाही.

भुकटी तिने त्याच डब्यात भरायला लावली. मी म्हटलं, "माय, हाऊ डबा राहू दे, दुसरा ले."

"हाऊच."

पाहुण्याचा साताऱ्याकडचा पत्ता मी घेऊन ठेवला होता. पांढरं कापड शिवलं, पत्ता लिहिला. पाठवणाऱ्याच्या जागेपाशी हात थांबला.

"तुन्हं नाव लिख," ती म्हणाली.

मी लिहिलं. तिने पार्सल हातात घेतलं, अक्षरांवरून बोट फिरवलं. मी वाचून दाखवायला तोंड उघडलं, तर तिने हात वर केला. मग ओट्याच्या कडेला जाऊन शेजारच्या नव्या सुनेला हाक मारली.

"ये वं पोरी, आठे ये. हाई वाच."

सून आली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मायकडे. मग पाठवणाऱ्याचं नाव मोठ्याने वाचलं.

"आखो एकदाव वाच," माय म्हणाली.