एम म्हणजे मुंजाजी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, स्टाफरूममध्ये शेजारी बसून माझ्या डब्यातली चटणी संपवणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय. का सांगतेय ते विचारू नका — मलाच धड कळलेलं नाही.

मी परभणीतल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. तोंडानं फटकळ आहे. पोरं मला घाबरतात, आणि खरं सांगू? मला ते आवडायचं.

कुठून सुरू करू? नोटबुकपासूनच करते. नोटबुक म्हणजे कागदाची वही नव्हे, कॉम्प्युटरवरची. एका पानावर आज्ञा लिहायची, खाली उत्तर येतं, त्याखाली आपण दोन ओळींत समजावून सांगायचं. विद्यापीठानं हे अभ्यासक्रमात घातलं खरं, पण आमची लॅब म्हणजे आनंदच होता. जे एका मशीनवर चालायचं तेच दुसऱ्यावर रुसून बसायचं. अख्खा तास नुसतं इन्स्टॉल करण्यात जायचा. मग मी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत बसले आणि एकच सर्व्हर उभा केला. आमच्या कोर्सला लागेल ते सगळं त्यात आधीच भरून ठेवलं — तालुक्यातालुक्यांच्या पावसाची आणि सोयाबीनची आकडेवारीसुद्धा. पोरांनी फक्त आपलं नाव टाकायचं, की ज्याचं त्याचं खातं उघडलं. मोबाइलवरूनही चालायचं. देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघत उभी असलेली पोरं तिथूनच प्रॅक्टिकल करायची.

लय कौतुक झालं हो माझं. प्राचार्य येईल त्या पाहुण्याला आधी लॅबमध्ये घेऊन यायचे — "हे सगळं आमच्या मॅडमनी केलं." बाकीच्या विभागांचे सर लोक, जे एरवी मला विचारायचे नाहीत, ते "मॅडम, आमच्या कोर्सलाही असं करून द्या ना" म्हणायला लागले. माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

नावांची यादी मीच केली होती. आपल्याकडं नाव कसं असतं — स्वतःचं, बापाचं, मग आडनाव. बापाचं अख्खं नाव टाइप करायचा मला कंटाळा आला. पहिलं अक्षर घेतलं, झालं. त्या वर्गात अश्विनी कदम दोघी होत्या. एक माणिक कदमांची — इथलीच, शहरातली, पहिल्या बाकावरची. दुसरी मुंजाजी कदमांची — चुडाव्याहून रेल्वेनं यायची, गाडी उशिरा आली की दारात घुटमळायची, आत या म्हटल्याशिवाय यायची नाही. माणिकचा एम. मुंजाजीचाही एमच. यादीत दोनदा 'अश्विनी एम कदम' आलं. सर्व्हरला काय कळतंय? त्यानं दोघींना एकच पोरगी धरलं आणि एकच खातं दिलं. पासवर्ड तर मी सगळ्या वर्गाला एकच ठेवला होता, लक्षात राहावा म्हणून. दोघींच्या बॅचही वेगवेगळ्या दिवशी. त्यामुळं समोरासमोर कधी काही आलंच नाही.

बघा, कशी शिकवत बसलेय तुम्हाला! यादीतली चूक काय, कुणाकडूनही होते. ती सांगायला मी बसलेच नाही.

चुडाव्याच्या अश्विनीनं मला आधीच सांगितलं होतं. लॅबमध्ये टेबलाजवळ येऊन, अगदी हळू — "मॅडम, माझ्या पानात मी न्हाई लिहिलेलं बी कायबाय दिसायलंय." मी तिच्या स्क्रीनकडं बघितलंसुद्धा नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "का गं, भूतबित बसलंय का तुझ्या खात्यात?" वर्ग खो खो हसला. मग पोरं तिला भूत म्हणायला लागली. तेही माझ्या कानावर होतं. मी कुणाला गप्प केलं का? नाही.

पोरांनी आपापल्या खात्यातून छापून प्रोजेक्ट जमा केले तेव्हा दोन अश्विनींचे दोन प्रोजेक्ट निघाले, हुबेहूब एक. अक्षराचाही फरक नाही. आता तुम्हीच सांगा, असं दिसल्यावर आधी काय तपासायला पाहिजे? व्यवस्था मी बांधलेली, यादी मी केलेली. मी माझं काहीच तपासलं नाही. मी त्या दोघींची तोंडं तपासली. एकीचं इंग्रजी चांगलं, हजेरी पूर्ण. दुसरी उशिरा येणारी. मी सरळ दुसरीला वर्गात उभं केलं.

ती रडली नाही. म्हणाली, "मॅडम, म्या कॉपी न्हाई केली. आईची आण. खात्यातच गडबड हाय." आणि मी — माझं काम, माझा सर्व्हर, त्यात गडबड म्हणते ही! — मी म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." आणि तिला खाली बसवलं.

सांगायचंय ते हेही नाही. इथवर मी नुसती उद्धट होते. पुढचं सांगायला जीभ जड होतेय.

त्यानंतर दुसरी अश्विनी, माणिकची, स्टाफरूममध्ये आली. एकटीच. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी. म्हणाली, "मॅडम, त्या प्रोजेक्टमधलं अर्ध्याहून जास्त आधीच लिहिलेलं होतं. मला वाटलं, तुम्हीच नमुना ठेवलाय. म्हणून मी पुढचं लिहिलं." मी तिथंच लॅपटॉप उघडला. यादी बघितली. एक खातं, दोन पोरी. बघायला वेळ लागलाच नाही.

तेव्हा मला सगळं कळलं होतं. नीट ऐका — कळलं होतं. प्राचार्यांकडं अजून काहीच गेलेलं नव्हतं. उठून दोन खोल्या पलीकडं जायचं आणि म्हणायचं, सर, माझी चूक झाली. एवढंच. पण त्याच आठवड्यात विद्यापीठाचे लोक माझी ती नोटबुकची व्यवस्था बघायला येणार होते. इतर कॉलेजांतही तसंच करायचं म्हणत होते. त्यांना काय सांगू, की मला दोन पोरींची नावं वेगळी लिहिता आली नाहीत?

मी त्या पोरीला म्हणाले, "हे कुणाजवळ बोलू नकोस. तुझंही नाव येईल कॉपीत." ती घाबरून पांढरी पडली. खरं बोलायला आली होती बिचारी, आणि मी तिला धमकी दिली. मग मी अहवालात लिहिलं, चुडाव्याच्या अश्विनीनं प्रोजेक्ट उतरवला. स्वतःच्या हातानं लिहिलं, खाली सही केली. आणि त्याच दुपारी सर्व्हरवरच्या यादीत सगळ्यांच्या बापांची अख्खी नावं घातली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

प्रोजेक्टला शून्य. विषय गेला. प्राचार्यांनी वडलांना बोलावून घेतलं.

मुंजाजी कदम आले. प्राचार्यांच्या केबिनच्या दाराबाहेर चपला काढून आत आले आणि खुर्ची दिली तरी बसले नाहीत. शेजारी अश्विनी. मी तर ते ओरडतील, भांडतील, याची तयारी करून बसले होते. भांडले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. मी अहवाल वाचून दाखवला. ते ऐकत राहिले. अश्विनी त्यांच्या बाहीला धरून म्हणाली, "दादा, मी खरं सांगायलेय. माझंच हाय ते, म्याच लिव्हलं." त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. किती वेळ बघत होते! मला विचारत होते ते, तोंडानं नाही तरी. मी मान हलवली. खाली-वर. म्हणजे हो, अहवालात आहे तेच खरं.

तेव्हा ते लेकीकडं वळले आणि म्हणाले, "मॅडम कशाला खोटं बोलतील, बाई? मॅडमला काय दुश्मनी हाय का तुझ्याशी?" आणि मला हात जोडून म्हणाले, "माफ करा. पोरीचं चुकलं."

तिनं त्यांची बाही सोडली. ते मी बघितलं. मी समोरच बसले होते, टेबलाच्या या बाजूला.

अश्विनी पुन्हा कॉलेजात आली नाही. परीक्षा पुन्हा देता आली असती, तिनं दिली नाही. पुढच्या वर्षी तिच्या गावच्या एका पोरीला मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, घरीच असते, शिवणकाम करते, वडलांशी जास्त बोलत नाही. मी "बरं" म्हणाले आणि हजेरी घ्यायला लागले.

ती व्यवस्था अजून चालू आहे. चांगली चालते. माझं नाव तिच्याबरोबर घेतलं जातं, आणि मी ते घेऊ देते.

मुंजाजी कदमांची लेक खरं बोलत होती. तिच्या बापाला ते आजही माहीत नाही.