हिंदुरावांचा डावा पाय

कुंडलच्या हिंदुराव लाडांची डावी चप्पल नेहमी उजवीच्या आधी झिजायची. सतरा वर्षं फौजेत गाडी आणि नंतर चौदा वर्षं माधवनगरच्या एका मालकाकडं ट्रेलर, एवढा काळ क्लच दाबून दाबून त्या पायाला स्वतःची अक्कल आली होती. बायको काय म्हणते ते हिंदुरावांना विचार करून कळायचं, पण गिअर कधी बदलायचा ते पायाला आधी कळायचं आणि हिंदुरावांना मागाहून.

आणि आता मालकाच्या मुलानं, जयराजनं, अशी गाडी आणली की तिला क्लचच नव्हता. खाली पायात दोनच पेडल, ब्रेक आणि रेस. गिअर म्हणे आपोआप पडतात. स्टिअरिंगखाली एक दांडी होती, ती ओढली की एक्झॉस्ट ब्रेक लागतो. गाडी शिकवायला कंपनीनं प्रबुद्ध नावाचा पस्तिशीतला माणूस तीन दिवसांसाठी पाठवला होता.

"काका," जयराज म्हणाला, "प्रबुद्ध सरांनी तिसऱ्या दिवशी सही केली की गाडी तुमची. न्हाई केली तर गेटवर वॉचमन म्हणून बसा. मान तोच राहील."

गेटवर बसणं म्हणजे हिंदुरावांच्या लेखी जिवंतपणी फोटोला हार. रात्रीची भाकरी त्यांना गोड लागली नाही.

पहिल्या दिवशी मालकाच्या आवारातच शोभा झाली. गाडी हलली की डावा पाय आपला क्लच शोधायचा, तो सापडायचा नाही आणि शेजारचा रुंद ब्रेक सापडायचा. पाय तो पूर्ण जोर लावून दाबायचा. गाडी जागच्या जागी गचकन थांबायची. तिसऱ्या वेळी प्रबुद्धची टोपी समोरच्या काचेवर जाऊन आपटली.

"काका, डाव्या पायाला झोपू द्या की जरा."

"आवं, मी कुठं सांगतोय त्याला? त्यो आपल्या मनानं जातोय!"

घरी बायकोनं, येसूबाईनं, सगळं ऐकून घेतलं. ती म्हशीची धार काढत होती. मान वर न करता म्हणाली, "लाथाडी म्हस आपण बांधतोच की. तुमीबी पाय बांधा."

बायकोची थट्टा होती, पण हिंदुरावांनी ती हुकूम म्हणून घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुडघ्याखाली टॉवेल गुंडाळला आणि दुसरं टोक सीटच्या लोखंडाला बांधलं. प्रबुद्धच्या पुस्तकात असलं काही नव्हतं. त्यानं टॉवेलाकडं बघितलं, हिंदुरावांकडं बघितलं आणि खिडकीबाहेर बघायला लागला. त्या दिवशी गाडी एकदाही गचकली नाही.

पाय गप्प झाला तर कानांनी वैर धरलं. उताराला लागून दांडी ओढली, की गाडी आपल्या मनानं गिअर खाली पाडायची आणि इंजिन असं काही किंचाळायचं की हिंदुराव लगेच दांडी माघारी ढकलायचे.

"का काढली?" प्रबुद्ध विचारायचा.

"मरंल की ते!"

प्रबुद्धनं शांतपणे सांगितलं. धूर जायचा नळ आतल्या आत अडवतात. इंजिन कोंडतं आणि गाडीला मागं धरतं. जितकं जोरात फिरेल तितकं जास्त धरतं, म्हणून गाडीच गिअर खाली घेते. "ओरडतंय म्हणजे काम करतंय, काका."

हिंदुरावांनी मान डोलावली. शब्द सगळे कानात गेले, डोक्यात एकाला जागा मिळाली नाही. फौजेतल्या उस्तादानं बोटांवर छडी मारून शिकवलं होतं, 'इंजन को रुलाना नहीं.' ते हाडात मुरलं होतं. म्हणून तर जुनी गाडी हातात आली की हिंदुराव आधी एक्झॉस्ट ब्रेकचा हवेचा पाइप काढून तिथं बोल्ट ठोकायचे, म्हणजे तो ब्रेक लागूच नये. स्वतःच्या गाडीला ठोकला, जोडीदार गुंडाच्या गाडीलाही आपल्या हातानं ठोकून दिला. 'तुझं इंजिन धा वर्सं जास्त चालंल, गड्या,' असं वर ऐकवलंही होतं.

गुंडा आता कुंडलच्या स्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानात बसायचा. सहा वर्षांपूर्वी कुंभार्ली घाटात त्याच्या ट्रेलरचे ब्रेक तापून हातचे गेले, गाडी त्यानं डोंगराच्या अंगाला घातली आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. ब्रेकचे लायनर हलक्या मालाचे होते, असं सगळे म्हणाले. हिंदुरावही म्हणाले.

तिसऱ्या दिवशी तोच घाट होता. ट्रेलरवर चाळीस टनांचा ट्रान्सफॉर्मर, चिपळूणला पोचवायचा. सकाळी पाटण मागं टाकलं, कोयनानगर गेलं, घाटाच्या तोंडाशी हिंदुरावांनी नारळ फोडला, टॉवेलाची गाठ पुन्हा तपासली आणि गाडी उताराला घातली.

दांडी ओढली. इंजिन किंचाळलं. हिंदुरावांचा हात आपोआप गेला आणि दांडी माघारी. गाडीनं लगेच वेग घेतला. ते उजव्या पायानं ब्रेक दाबत राहिले. दुसऱ्या वळणापर्यंत खिडकीतून वास आला. जळक्या लायनरचा. हा वास त्यांच्या ओळखीचा होता. गुंडाला गाडीतून काढलं त्या दिवशी तो त्यांच्या कपड्यांना लागला होता.

रस्ता जरा रुंद झाला तिथं गाडी कशीबशी उभी राहिली. मागच्या चाकांतून धूर निघत होता.

"काका," प्रबुद्ध हळू आवाजात म्हणाला, "हिथनं खाली मी उतरवू का?"

म्हणजे गेट. हिंदुराव खाली उतरून कठड्यावर जाऊन बसले. काय चुकलं तेच कळेना. इंजिनाला जपलं, ब्रेक बेतानं वापरला, एकतीस वर्षं कुणी नाव ठेवलं नाही. आणि आज एक गाडी त्यांना खुळ्यात काढत होती. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी बाहीला पुसलं.

चाकं निवेपर्यंत तासभर गेला. त्या तासात त्यांना कुठून कुणास ठाऊक, उसाची बैलगाडी आठवली. कारखान्याकडं जाताना ओढ्याच्या उतारावर बैल मागं रेटायचे, फुरफुरायचे, नाकातोंडातून फेस यायचा. उसावर बसलेले सात वर्षांचे हिंदुराव ओरडले होते, "आबा, बैल रडत्यात!" आणि आबा कासरा तसाच आवळून धरत म्हणाले होते, "रडत न्हाईत रं. गाडी धरत्यात. आता ढील दिली तर गाडी त्येंच्याच अंगावर जाईल."

हिंदुराव उठले. "सर, एकदा मला बघू द्या. परत दांडी माघारी ढकलली तर तुमी बसा."

प्रबुद्धनं थोडा विचार केला आणि दार उघडलं.

तिथून निघाल्यापासूनच दांडी पूर्ण ओढलेली. इंजिन किंचाळत होतं, हिंदुरावांच्या मानेवरून घाम ओघळत होता, डावा पाय टॉवेलात तडफडत होता. "ओरड बाबा, ओरड," ते पुटपुटत होते. अजूनही त्यांचा विश्वास बसत नव्हता. पण गाडी माणसासारखी सावकाश उतरत होती, आणि उजवा पाय ब्रेकवर अधूनमधूनच लागत होता.

घाट संपल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, टॉवेल सोडून खांद्यावर टाकला आणि सवयीनं पाण्याचा कॅन उचलला. घाट उतरला की चाकांवर पाणी मारायचं, हा आजवरचा रिवाज.

"आधी हात लावून बघा," प्रबुद्ध म्हणाला.

हिंदुरावांनी भीत भीत बोटं टेकवली, मग पंजा. चाक कोमट होतं. दुसरंही. ते सगळी चाकं चाचपत गाडीभोवती फिरून आले. तोवर प्रबुद्धनं दारावर कागद टेकवून सही करून टाकली होती.

"झालं काका. गाडी तुमची."

हिंदुरावांना ते ऐकूच गेलं नाही. हात अजून चाकावरच होता. मग त्यांनी फोन काढला.

"गुंडा, मी बोलतोय. घाट उतरलो."

"पास झालास?"

"त्ये ऱ्हाऊ दे. तुझ्या गाडीचा त्यो पाइप. मी बोल्ट मारलेला. त्यो ब्रेक असता तर..." त्यांनी पंजा पुन्हा चाकावर टेकवला. "चाकं कोमट हायती, गड्या. सबंध घाट उतरून कोमट."

पलीकडं झेरॉक्सचं मशिन चालू होतं. ते थांबलं.

"क्लच न्हाई म्हणं त्या गाडीला," गुंडा म्हणाला.

"न्हाई."

"मग डावा पाय?"

"बांधून ठिवला हुता. सबंध घाट."

"म्हंजी लागतच न्हाई?"

हिंदुरावांनी खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला. गाठीची सुरकुती अजून तशीच होती.

"न्हाई लागत, गुंडा," ते म्हणाले.

मग गुंडानं विचारलं, "जयराजला आजूक एक डायवर लागंल का रं?"